महामारीच्या वर्षाचें ऋण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत झालेलें भाषण)



महोत्सव-समितीनें आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हां आम्हीं प्रथम नाहीं म्हटलें. आमचें निम्में आयुष्य शाळेच्या फळ्यापुढें गेलें आणि उरलेलें वाडींत. व्यासपीठावरून बोलण्याची कला आम्हांस अवगत नाहीं. शिवाय ह्या मंदिराचा पाया कोणीं घातला, घंटा कोठून आली, वेदीसाठीं कोणीं किती श्रम केले, हें सर्व आमच्यापूर्वीं बोललेल्या वक्त्यांनीं विस्तारानें सांगितलें आहे. मग आम्हीं काय सांगावें? विचार करतां करतां आमच्या मनांत आलें कीं, पन्नास वर्षांच्या ह्या इतिहासांत एक वर्ष असें आहे कीं, ज्याविषयीं सहसा कोणी बोलत नाहीं. त्या वर्षीं ह्या मंदिराचें दार बंद होतें. सण झाला नाहीं, मिरवणूक निघाली नाहीं, छायाचित्रें काढलीं गेलीं नाहींत. म्हणून आपल्या स्मरणिकेंतही त्या वर्षाचें पान कोरें राहण्याचा संभव आहे. तें पान भरावें, एवढाच आमचा हेतु.

आम्ही बोलणार तें कोरोनाच्या महामारीविषयीं. परंतु वैद्यकशास्त्र हा आमचा विषय नव्हे, आणि मृतांचे आंकडे सांगून आपणांस भिवविण्याचीही आमची इच्छा नाहीं. २०२० च्या मार्चपासून २०२१ च्या मेपर्यंत, त्या चौदा महिन्यांत, एका सामान्य घरांत काय चढउतार झाले, एवढेंच सांगावयाचें आहे. घर आमचें आहे. पण ऐकतांना आपणांस आपलेंच घर दिसलें, तर त्यांत नवल नाहीं.

साथ हा शब्द आमच्या घराण्यास अगदींच नवा नव्हता. आमची आजी लहानपणीं आम्हांस दोन साथींच्या गोष्टी सांगत असे. एक प्लेगची, ती तिनें आपल्या आईच्या तोंडून ऐकलेली. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां माणसें घरें सोडून शेतांत झोंपड्या घालून राहिलीं. मुंबईंतील ख्रिस्ती गांवठाणांत वाटेच्या कडेला आजही जे क्रूस दिसतात, त्यांपैकीं कित्येक त्या भयाच्या दिवसांत लोकांनीं संकटनिवारणार्थ उभारलेले आहेत. दुसरी गोष्ट १९१८ च्या मानमोडीच्या तापाची. ती तिनें स्वतः पाहिलेली. त्या तापानें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं, हें आम्हीं पुढें पुस्तकांत वाचलें. आजी मात्र एवढेंच सांगे कीं, सकाळीं ज्यानें खड्डा खणला, त्याच्यासाठीं दुसऱ्या दिवशीं दुसऱ्यास खड्डा खणावा लागला. आम्ही त्या गोष्टी भुताखेतांच्या गोष्टींप्रमाणें ऐकत असूं. १८९७ च्या जानेवारींत मुंबईंत डॉ. हाफकिन यांनीं प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगावर टोंचून घेतली, हा धडा आम्हीं मुलांस कित्येक वर्षें शिकविला. त्याच सालीं सरकारनें साथीच्या रोगांविषयीं कायदा केला, हेंही शिकविलें. तोच १८९७ चा कायदा १३ मार्च २०२० रोजीं आपल्या राज्यांत पुन्हां लागू होईल, आणि आजीची गोष्ट आमच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहील, असें मात्र स्वप्नांतही आलें नव्हतें.

२६ फेब्रुवारी २०२० हा राखेचा बुधवार होता. ह्याच मंदिरांत आम्ही खांद्याला खांदा लावून उभे होतों. मनुष्य मातीचा आहे आणि मातीसच मिळणार आहे, हें ऐकून कपाळीं राख घेतली आणि घरीं जाऊन आपापल्या कामास लागलों. पुढच्या दोन आठवड्यांत पुण्यास पहिले रुग्ण सांपडले. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेनें ही जगद्‌व्यापी महामारी असल्याचें जाहीर केलें. २२ मार्चच्या रविवारीं रस्ते ओस पडले. आणि २४ मार्चच्या रात्रीं एकवीस दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा झाली. विलगीकरणास ‘क्वारंटाइन’ हा जो शब्द त्या दिवसांत लहान मुलांच्याही तोंडीं झाला, तो व्हेनिसच्या लोकांच्या बोलींतील ‘चाळीस’ ह्या शब्दापासून निघाला आहे. प्लेगच्या काळीं परक्या बंदरांतून आलेलीं गलबतें चाळीस दिवस दूर नांगरून ठेवीत. आपला उपवासकाळही चाळीसच दिवसांचा. आम्हांस वाटलें, हाही एक उपवासकाळच. ईस्टर येतांच संपेल. मनुष्याची दृष्टि किती आंखूड असते, हें पुढें कळलें.

टाळेबंदीचा पहिला तडाखा आम्हांस बसला तो मोगऱ्याच्या मळ्यांत. ते मोगऱ्याच्या भराचे दिवस. पहांटे कळ्या खुडावयाच्या, पाटींत भरावयाच्या आणि मिळेल ती पहिली गाडी धरून दादरच्या फुलबाजारांत पोंचवावयाच्या, हा वसईच्या कित्येक घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. त्या आठवड्यांत लोकल गाड्या थांबल्या, बाजार थांबला, कळीला मात्र थांबण्याची आज्ञा कोणीं दिली नव्हती. ती रोज फुलत होती. चार दिवस आम्हीं खुडून पाहिलें. पण अंगणांत काळीं पडत चाललेलीं फुलें पाहवेनात. मग फुलें खताच्या खड्ड्यांत जाऊं लागलीं. आमच्या मातोश्री त्या वेळीं अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांनीं रोज सायंकाळीं वाटेवरच्या क्रुसापाशीं ओंजळभर मोगरा ठेवण्याचा नेम धरला. त्या म्हणत, “बाजार बंद आहे, देव बंद नाहीं.” त्या वाक्यास आम्ही तेव्हां हंसलों होतों.

आमची कन्या मुंबईंतील एका रुग्णालयांत परिचारिका. गाड्या बंद झाल्यामुळें तिला रुग्णालयांतच राहावें लागलें. सात आठवडे ती घरीं आली नाहीं. रात्रीं मोबाइलच्या कांचेवर तिचें तोंड दिसे. नाकावर आणि गालांवर मुखपट्टीचे वळ उठलेले असत. “बरी आहेस ना?” एवढें आम्ही विचारूं, आणि “बरी आहें” एवढें ती सांगे. दोघांसही ठाऊक असे कीं, दुसरा खरें बोलत नाहीं.

आतां मंदिराविषयीं. झावळ्यांच्या रविवारीं आम्हीं आपल्याच वाडींतील नारळाची झावळी दारास बांधली. आज्ञागुरुवार, उत्तम शुक्रवार, पुनरुत्थानाची रात्र, सर्व कांहीं मोबाइलवर. येथें आम्ही एक कबुली देतों. पहिल्या रविवारीं आम्हीं सर्वांनीं स्नान करून, स्वच्छ वस्त्रें नेसून, गुडघे टेंकून मिस्सा पाहिली. तिसऱ्या रविवारीं आम्ही बसून पाहिली. सहाव्या रविवारीं आमच्या हातांत चहाचा पेला होता. मंदिर दूर गेलें नव्हतें, आम्हीच हळूहळू सैल होत चाललों होतों. दर रविवारीं शेजाऱ्याच्या देखत गुडघा वांकवितांना त्यांत शेजाऱ्याचा किती वांटा असतो, हें तोंवर आम्हांस कळलेंच नव्हतें. परंतु त्याच मोबाइलवर २७ मार्चच्या रात्रीं आम्हीं एक दृश्य पाहिलें, तें विसरतां येत नाहीं. संत पेत्राच्या विशाल चौकांत, पावसांत, दिवंगत पोप फ्रान्सिस एकटे चालत होते. १५२२ च्या प्लेगांत रोमच्या रस्त्यांतून ज्या क्रुसाची मिरवणूक काढली होती, तो सान मार्चेल्लोचा क्रूस त्या रात्रीं तेथें आणला होता. त्याच्या अंगावरून पाणी ओघळत होतें. चौकांत एकही मनुष्य नव्हता. आमच्या मातोश्री म्हणाल्या, “बिचारे भिजत आहेत, कोणी छत्री तरी धरा.” आम्हांस वाटतें, त्या रात्रीं त्यांच्याइतकी साधी प्रार्थना क्वचितच कोणीं केली असेल.

सर्वच उतार होता असें नाहीं, चढही होता. जीं मुलें पहांटे मुंबईस जात आणि रात्रीं अर्धवट झोंपेंत परत येत, तीं प्रथमच वाडींत दिसूं लागलीं. आमच्या चिरंजीवांनीं वयाच्या तिसाव्या वर्षीं प्रथम कुदळ धरली. हातांस फोड आले, ते सर्वांस दाखविले. रात्रीं सर्व कुटुंब एकत्र बसून जपमाळ म्हणूं लागलें. वाहनांचा आवाज बंद झाल्यामुळें समुद्राची गाज पुन्हां आमच्या ओटीपर्यंत ऐकूं येऊं लागली. ती आम्हीं लहानपणानंतर ऐकलीच नव्हती. आम्ही मनांत म्हणूं लागलों, आपण भले लोक आहोंत, देवानें आपणांस जपलें आहे.

हा अहंकार फार दिवस टिकला नाहीं. मे महिन्यांत परप्रांतीय मजूर आपल्या गांवाकडे निघाले; मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यानें बायकामुलांसह पायीं चालत. एके दुपारीं त्यांच्यापैकीं एक मनुष्य वाट चुकून आमच्या आळींत आला. कडेवर लहान मूल होतें. त्यानें पाणी मागितलें. आम्हीं तांब्या भरून कुंपणाच्या खांबाशीं ठेविला आणि दहा पावलें मागें सरून उभे राहिलों. तो प्याला, मुलास पाजलें, हात जोडले आणि गेला. त्यानंतर तो तांब्या आम्हीं घरांत घेतला नाहीं. काठीनें लोटून कुंपणापलीकडच्या गटारांत टाकला. त्याच दिवशीं आपल्या धर्मग्रामाचे तरुण, शेजारच्या हिंदु व मुसलमान तरुणांबरोबर, हमरस्त्यावर भाताचीं पातेलीं घेऊन उभे होते. तेंही ह्याच धर्मग्रामाचें वर्तन, आणि आमचेंही ह्याच धर्मग्रामाचें वर्तन. स्मरणिकेंत पहिलें लिहिलें जाईल. दुसरें आम्हीं न सांगितल्यास कोणास कळणार नाहीं.

आतां जें सांगावयाचें, तें सांगण्यास जड जातें. आमचे एक थोरले बंधु होते. आम्हां दोघांचीं घरें एकाच आळींत, समोरासमोर. मध्यें वडिलोपार्जित वाडी, आणि वाडीच्या मधोमध बावखल. बावखल म्हणजे काय, हें येथील वडील मंडळींस सांगावयास नको. पण मुलांसाठीं सांगतों. पावसाचें पाणी जेथें सांठतें आणि जमिनींत मुरतें, तें आपल्या वाडवडिलांनीं खणलेलें तळें. तें आहे म्हणून आपल्या विहिरींस गोड पाणी आहे. नाहीं तर समुद्र जवळ, खारें पाणी आंत शिरावयास वेळ लागत नाहीं. २००९ सालीं आम्हीं आपल्या वांट्याचें अर्धें बावखल बुजवून तेथें चिरंजीवांसाठीं घर बांधण्याचा बेत केला. दादा म्हणाले, “बावखलाला अर्धें नसतें.” आम्हीं मोजणीसाठीं अर्ज केला. शब्दास शब्द लागला. त्या दिवसापासून अकरा वर्षें आम्ही दोघे बंधु एकमेकांशीं बोललों नाहीं. एकाच मंदिरांत येत असूं. ते डाव्या बाजूस बसत, आम्ही उजव्या. आमच्या मातोश्री आमच्याकडे राहत, रोज रात्रीं त्या विचारीत, “थोरला जेवला असेल का?” आणि आम्ही उत्तर देत नसूं.

२०२० च्या सप्टेंबरांत आमच्या घरीं साथ शिरली. आरंभ हास्यास्पद होता. चुलीवर सुकट भाजत होती. ती जळून कोळसा झाली, घरभर धूर झाला, आणि आम्हां पतिपत्नींस वासच आला नाहीं. मातोश्री मागल्या खोलींतून ओरडल्या, तेव्हां कळलें. दोन दिवसांनीं ताप आला. बोटास लावावयाच्या यंत्रावर आमच्या पत्नीच्या प्राणवायूचा आंकडा उतरूं लागला आणि तिला रुग्णालयांत न्यावें लागलें. ती तेथें नऊ दिवस होती. चिरंजीव आपल्या कुटुंबासह दुसरीकडे अडकलेले, कन्या रुग्णालयाच्या सेवेंत. फाटकास बांबू आडवे बांधले गेले. आंत आम्ही, अंगांत ताप. आणि मागल्या खोलींत वृद्ध माता, जिच्याजवळ जाण्याची आम्हांस भीति.

त्या सायंकाळीं बांबूवर कांहीं तरी वाजलें. आम्हीं खिडकींतून पाहिलें. दादा उभे होते. हातांत पितळी तपेली होती. त्यांनीं ती बांबूखालून आंत सारली आणि एकही शब्द न बोलतां परत गेले. तपेलींत गरम पेज होती, वर लोणच्याची फोड. दुसऱ्या सायंकाळीं पुन्हां बांबू वाजला. रिकामी तपेली आम्हीं बांबूपाशीं ठेविली होती. ती त्यांनीं उघड्या हातांनीं उचलली आणि भरलेली दुसरी ठेविली. असे चौदा दिवस. आम्हांस गटारांतला तो तांब्या रोज आठवे. चौदा दिवसांत आम्हां दोघांत एक शब्दही झाला नाहीं. आम्ही खिडकीशीं उभे राहत असूं आणि ते आम्ही उभे आहोंत हें पाहून जात, एवढेंच.

पत्नी बरी होऊन घरीं आली. आम्हीं ठरविलें, आतां दादांकडे जावयाचें. पण ताप उतरल्यावर अशक्तपणा होता. म्हटलें, जरा बळ येऊं दे. १६ नोव्हेंबर २०२० रोजीं राज्यांतील देवालयें उघडलीं. पुढच्या रविवारीं आम्ही मंदिरांत आलों. जमिनीवर खुणा केलेल्या, बाकावर एकेक मनुष्य अंतरानें बसलेला. दादा डावीकडे होते. आम्हीं मान लवविली, त्यांनींही लवविली. आम्हांस वाटलें, आरंभ झाला, घाई कसली? म्हटलें, नाताळास जाऊं. नाताळास पाहुणे होते. म्हटलें, नववर्षास जाऊं. मग १७ फेब्रुवारीस पुन्हां राखेचा बुधवार आला. म्हटलें, उपवासकाळांत पापनिवेदन करून स्वच्छ मनानें जाऊं. बंधुभगिनींनो, वैर करण्यास आम्हांस एक दिवस पुरला होता. समेट करण्यास मात्र मुहूर्त सांपडेना.

मार्च २०२१ मध्यें साठ वर्षांवरील मनुष्यांस लस मिळूं लागली. पुण्यास तयार झालेली ती लस घेण्यासाठीं आम्ही केंद्रावर गेलों, तों दोन खुर्च्या सोडून दादा बसलेले. टोंचून घेतल्यावर अर्धा तास बसावें लागे. बराच वेळ आम्ही दोघेही समोरच्या भिंतीकडे पाहत राहिलों. मग दादा म्हणाले, “बावखलाला यंदा पाणी बरें आहे.” आम्ही म्हटलें, “हो.” अर्धा तास संपला. ते उठून गेले. अकरा वर्षांत आमच्या दोघांतील संभाषण तें एवढेंच. आणि शेवटलेंही तेंच.

एप्रिलांत दुसरी लाट आली. मंदिरें पुन्हां बंद झालीं. लशीचा एकच हप्ता झाला होता. दादांस ताप आला, पांचव्या दिवशीं खाटेसाठीं धांवाधांव झाली, प्राणवायूचीं नळकांडीं मिळविण्यासाठीं पुतणे रात्रभर हिंडले. चार दिवस ते रुग्णालयांत होते. आम्हीं दूरध्वनि केला. परिचारिकेनें सांगितलें कीं, त्यांच्या तोंडावर यंत्र आहे, बोलतां येणार नाहीं. आपण बोला, मी कानाशीं धरतें. आणि आम्हांस शब्द सुचला नाहीं. चाळीस वर्षें ज्यानें मुलांस भाषा शिकविली, त्यास एक शब्द सुचला नाहीं. शेवटीं आम्ही म्हटलें, “दादा, पाणी बरें आहे.” त्यांनीं ऐकलें किंवा नाहीं, ठाऊक नाहीं. दुसऱ्या पहांटे ते गेले.

देह घरीं आणतां आला नाहीं. संरक्षक पोषाख घातलेल्या आपल्या धर्मग्रामाच्या चार तरुणांनीं त्यांस दफनभूमींत उतरविलें. फादर दूर उभे राहून प्रार्थना म्हणत होते. आम्ही भिंतीबाहेर रस्त्यावर होतों. मूठभर मातीही घालतां आली नाहीं. घंटा वाजली नाहीं. महिन्याची मिस्सा झाली नाहीं. घरीं आलों तेव्हां मातोश्री ओटीवर बसल्या होत्या. त्यांनीं आम्हांस कांहीं विचारलें नाहीं आणि दोषही दिला नाहीं. त्या रात्रीं “थोरला जेवला असेल का?” हा प्रश्न आला नाहीं. अकरा वर्षें ज्या प्रश्नाचा आम्हांस राग येत असे, तो न आल्यानें घर किती रिकामें झालें, हें कसें सांगावें?

१७ मे २०२१ रोजीं ‘तौक्ते’ वादळ आलें. वसईच्या केळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, घरें अंधारांत गेलीं. दुसऱ्या सकाळीं आम्ही कोयता घेऊन समोरच्या वाडींत गेलों. पुतणे मोडलेल्या केळी ओढीत होते. कोणीं कांहीं विचारलें नाहीं. थोरल्यानें एक टोंक धरलें, आम्हीं दुसरें धरलें. दुपारीं वहिनींनीं हांक मारली. पितळी तपेली पुढें ठेविली. पेज होती, वर लोणच्याची फोड. वहिनी म्हणाल्या, “ते रोज विचारीत, ‘खिडकीशीं उभा होता का? म्हणजे बरा आहे.’” आम्ही तें अन्न कसें गिळलें, तें आमचें आम्हांसच ठाऊक. त्या सायंकाळीं मोजणीचे कागद आम्हीं चुलींत घातले. बावखल आजही आहे. तें दोन्ही घरांचें आहे. त्यास अर्धें नाहीं.

आतां ह्याचें तात्पर्य काय? कोणी म्हणतात, परमेश्वरानें ही साथ आम्हांस शिकविण्यासाठीं पाठविली. आम्हांस तें पटत नाहीं. आमच्या दादांचा प्राण ही आमच्या शिकवणीची दक्षिणा नव्हती. ज्या पित्यास आम्ही रोज हांक मारतों, तो असा हिशेब करीत असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. साथीचें कारण सूक्ष्म जंतु. तिचा उपाय लस, औषध, स्वच्छता आणि सावधगिरी. हें मुलांस आम्ही आजही निक्षून सांगतों. परंतु साथीनें जें उघडें पाडलें, तें मात्र आमचें होतें. तांब्या फेंकणारे आम्ही होतों, आणि मुहूर्त शोधणारेही आम्हीच. वाट रुंद नव्हती. दादांच्या ओटीपासून आमची ओटी तीस पावलांवर होती. मंदिर बंद होतें हें खरें. परंतु तीं तीस पावलें कोणत्याही सरकारी आज्ञेनें अकरा वर्षें बंद नव्हतीं.

आज आपण ज्युबिली साजरी करीत आहोंत. हा शब्द इब्री लोकांच्या ‘योबेल’ ह्या शब्दापासून आला आहे. त्याचा अर्थ मेंढ्याचें शिंग. जुन्या करारांतील लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत सांगितलें आहे कीं, पन्नासावें वर्ष आलें म्हणजे हें शिंग फुंकावें, गुलामांस मोकळें करावें आणि गेलेली जमीन मूळ कुटुंबास परत द्यावी. दीपमाळा, भोजनें आणि भाषणें ह्यांचा तेथें मुख्य उल्लेख नाहीं. मुख्य गोष्ट आहे ती अडकवून ठेविलेलें सोडण्याची. आमच्या धर्मग्रामास पन्नास वर्षें पूर्ण होत आहेत. शिंग फुंकलें गेलें आहे, असें समजा.

म्हणून समितीस आमच्या दोन नम्र सूचना आहेत. पहिली : त्या चौदा महिन्यांत ह्या धर्मग्रामांतून जे गेले, मग ते कोरोनानें असोत किंवा अन्य दुखण्यानें, त्यांपैकीं बहुतेकांस खांदा मिळाला नाहीं, घंटा मिळाली नाहीं, मूठमाती मिळाली नाहीं. येत्या २ नोव्हेंबरास, मृतांच्या स्मरणदिनीं, त्या सर्वांचीं नांवें ह्या वेदीपासून एकेक करून मोठ्यानें वाचावींत, आणि प्रत्येक नांवास घंटेचा एक टोला द्यावा. वेळ लागेल, लागूं द्या. दुसरी सूचना समितीस नाहीं, आम्हां सर्वांस आहे. ह्या सभेंत असे कोणी असतील कीं, ज्यांचा बंधु, बहीण, दीर, जाऊ अथवा शेजारी आज मंदिराच्या दुसऱ्या बाजूस बसला आहे. त्यांनीं महोत्सवाचा समारोप होण्यापूर्वीं तीं पावलें चालून जावींत. भाषण तयार करूं नये. आम्हीं करीत बसलों आणि वेळ गेली. पाणी बरें आहे, एवढें म्हटलें तरी पुरे.

आमच्या मातोश्री पुढील वर्षीं देवाघरीं गेल्या. अखेरच्या दिवसांपर्यंत त्यांचा मोगऱ्याचा नेम चालू होता. आतां तो नेम वहिनी आणि आमची पत्नी दोघी मिळून चालवितात. फुलें पुन्हां दादरला जातात. पण पहिली ओंजळ वाटेवरच्या क्रुसाची.

इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों. बोलण्यांत कांहीं उणें-अधिक झालें असल्यास क्षमा असावी. गेलेल्यांस प्रभु चिरशांति देवो, आणि राहिलेल्यांस एकमेकांच्या दारापर्यंत जाण्याचें बळ देवो.